अप्रकाशित खेळांची कथा

एखाद्या लेखकाचे हस्तलिखित छापण्यापूर्वीच गहाळ झाले, तर त्याचे श्रम वाया जातात आणि वाचकही एका ग्रंथाला मुकतात. संगणकावरील खेळांच्या बाबतीतही असे घडले आहे. घरगुती संगणकांच्या आरंभीच्या काळात रचलेले कित्येक खेळ बाजारात आलेच नाहीत. त्यांतील काही कायमचे नाहीसे झाले. काही मात्र बऱ्याच वर्षांनी पुन्हा हाती लागले.

१९८२ साली इंग्लंडमध्ये ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ नावाचा छोटा संगणक विक्रीस आला. घरातील टेलिव्हिजन हाच त्याचा पडदा. त्याच्या मोठ्या प्रकाराची स्मृती ४८ किलोबाइट, म्हणजे सुमारे ४९ हजार रोमन अक्षरे मावतील एवढीच होती. आज मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही याहून कितीतरी अधिक जागा व्यापते. खेळ विकले जात ते गाणी ऐकण्याच्या साध्या कॅसेटवर. कॅसेट लावली की कर्कश आवाज सुरू होई. त्या आवाजातील लहानमोठ्या स्पंदनांवरून संगणक शून्य व एक या खुणा ओळखी, आणि काही मिनिटांनी खेळ पडद्यावर येई.

त्याच वर्षी लिव्हरपूल शहरात ‘इमॅजिन सॉफ्टवेअर’ ही कंपनी स्थापन झाली. तिचा ‘आर्केडिया’ हा पहिलाच खेळ खूप खपला. तरुण चालकांच्या हाती पैसा आला, आणि पैशाबरोबर भपकाही आला. लवकरच कंपनीने ‘बँडरस्नॅच’ आणि ‘सायक्लॅप्स’ या दोन प्रचंड खेळांचा गाजावाजा आरंभिला. लुईस कॅरल यांच्या काव्यातील एका काल्पनिक, भयंकर प्राण्याचे ‘बँडरस्नॅच’ हे नाव. हा खेळ एवढा मोठा होणार होता, की स्पेक्ट्रमची स्मृती त्याला अपुरी पडणार होती. म्हणून संगणकाला जोडावयाचे एक उपकरणही त्यासोबत द्यावयाचे ठरले. किंमत होणार होती सुमारे ४० पौंड. त्या काळी बहुतेक खेळ १० पौंडांच्या आत मिळत.

मासिकांतून खेळ रचणाऱ्यांची छायाचित्रे झळकू लागली. परंतु ‘बँडरस्नॅच’ अर्धवटच तयार होता आणि ‘सायक्लॅप्स’ तर कल्पनेच्या फारसा पुढे गेलाच नव्हता. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशीच ही गत! खर्च वाढत गेला. जाहिरातींचे पैसेदेखील थकले. अखेर जुलै १९८४ मध्ये न्यायालयाच्या हुकुमाने कंपनी बंद झाली. योगायोग असा, की तिच्या उत्कर्षाची कथा टिपण्यासाठी बीबीसीची मंडळी तेथे आली होती. त्यांच्या कॅमेऱ्याने तिचा अस्तच टिपला. ‘बँडरस्नॅच’मधील काही कल्पना पुढे ‘ब्राटाकस’ या दुसऱ्या खेळात वापरल्या गेल्या. पण जाहिरातीतला तो खेळ कोणालाच खेळावयास मिळाला नाही.

असे खेळ सहज नाहीसे का होतात? विकल्या गेलेल्या खेळाच्या हजारो प्रती घरोघर असतात. एक बिघडली तरी दुसरी उरते. अप्रकाशित खेळाची प्रत मात्र एखाद्या कॅसेटवर किंवा तबकडीवर, रचणाऱ्याजवळच पडून राहते. फितीवरील चुंबकीय खुणा काळाच्या ओघात क्षीण होतात, फितीला बुरशी लागते, किंवा तिच्यावर दुसरेच काही नोंदवले जाते. मग त्या खेळाचा मागमूसही उरत नाही.

तथापि, सर्वच खेळ असे लोपले नाहीत. ‘कमोडोर ६४’ या संगणकासाठी केलेला ‘सोलर जेटमन’ हा खेळ पूर्ण होऊनही विक्रीस आला नव्हता. पुष्कळ वर्षांनी त्याची प्रत सापडली. आज जुन्या फितींवरील मजकूर नव्या संगणकावर उतरवून घेता येतो. जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावलीही उपलब्ध आहे. तिच्या साहाय्याने असे खेळ पुन्हा खेळता येतात. जगभर अनेक हौशी मंडळी हे काम निरपेक्ष बुद्धीने करीत आहेत.

मुद्रणकला येण्यापूर्वी पोथ्या टिकल्या, त्या कोणीतरी त्यांच्या नकला उतरून ठेवल्या म्हणूनच. यंत्र नवे असले, तरी नियम तोच आहे. निर्मिती करणाऱ्याइतकेच ती जपणाऱ्याचेही ऋण आपण मानले पाहिजे.