पुन्हा पक्की मांड

शनिवारवाड्यासमोरचा थोरल्या बाजीरावांचा घोड्यावरचा पुतळा तुम्ही पाहिला असेलच. पुढच्या वेळी तिथं गेलात की घोड्याकडे बघून झाल्यावर जरा स्वाराच्या पाठीकडेही बघा. घोडेस्वाराच्या या पक्क्या बैठकीला आपल्या भाषेत एक छान शब्द आहे, मांड! 'मांड ठोकून बसणे' हा वाक्प्रचार तुम्ही व्याकरणाच्या तासाला पाठ केला असेल. तो घोड्याच्या पाठीवरूनच आपल्या वहीत आला आहे, बरं का.

पण कधी कधी मांड सुटते. मे महिन्याच्या सुट्टीत आपण पुण्याची मुलं माथेरानला, महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर किंवा पाचगणीच्या टेबललँडवर घोड्यावर बसतो. काही जण तर रीतसर घोडेस्वारी शिकतात. घोडा हा भित्रा प्राणी. वाऱ्यानं प्लास्टिकची पिशवी फडफडली तरी तो बिचकतो, बाजूला उडी मारतो आणि स्वार धपकन खाली! मोठ्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवरून, तेही बेसावध असताना पडल्यावर कमरेला आणि पाठीलाही मार बसू शकतो.

पडल्यावर दोन प्रकारचे सल्ले हमखास मिळतात. एक जण म्हणतो, "ऊठ, लगेच परत चढ. नाहीतर भीती बसेल." दुसरा म्हणतो, "आता महिनाभर अंथरुणातून उठायचं नाही आणि घोड्याचं नाव काढायचं नाही." मग तुम्ही काय करता? "काही नाही झालं, काही नाही झालं," म्हणत कपडे झटकता आणि दुखणं लपवता. कारण दुखतंय म्हटलं तर घोडेस्वारी बंद होईल ना! पण हे तिन्ही मार्ग चुकीचे आहेत. का, ते आज बघू या.

पाठीत असतं तरी काय?

आपला पाठीचा कणा म्हणजे मणक्यांची माळ. मूल जन्मतं तेव्हा तिच्यात 33 मणके असतात. मानेत 7, छातीच्या मागे 12, कमरेत 5 आणि त्याखाली माकडहाडापर्यंत 9. हे खालचे 9 मणके वाढत्या वयात एकमेकांना जोडले जाऊन त्यांची दोनच हाडं होतात. वरच्या मणक्यांच्या मध्ये मऊसर गाद्या असतात. रिक्षा खड्ड्यातून गेली तरी स्प्रिंगमुळे हादरा थोडा कमी लागतो की नाही? तेच काम या गाद्या करतात. आणि या माळेच्या पोकळीतून मेंदूचे निरोप पायांपर्यंत पोचवणारी नाजूक मज्जारज्जू जाते.

म्हणून पडलेल्याला कुणीही बखोटीला धरून उठवायचं नाही. मान किंवा पाठ खूप दुखत असेल, पायाला मुंग्या येत असतील, पाय बधिर वाटत असेल किंवा हलत नसेल, उलटी झाली असेल, शुद्ध हरपली असेल, तर त्याला आहे तसंच पडून राहू द्यायचं, डोकं-मान हलू द्यायची नाही, हेल्मेट ओढून काढायचं नाही आणि 108 या क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवायची. पुढच्या काही दिवसांत लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, पायातला जोर कमी वाटला, तरी लगेच दवाखाना गाठायचा. यात लाजण्यासारखं काही नाही. पाठीचं दुखणं लपवणारा मुलगा शूर नसतो, तो डॉक्टरांचं काम अवघड करून ठेवतो.

तोल कुठे हरवतो?

समजा, डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, "हाड मोडलेलं नाही, मुका मार आहे." मग एक गंमत दिसते. दुखणं कमी होतं, पण चालताना एका बाजूला झुकल्यासारखं वाटतं. जिना उतरताना हात आपोआप कठड्याकडे जातो. तोल गेला कुठे?

आपला तोल तीन पहारेकरी सांभाळतात. पहिला डोळा. दुसरा कानाच्या अगदी आत. तिथं तीन अर्धगोल नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. डोकं हललं की तो द्रव हलतो आणि मेंदूला खबर पोचते. तिसरा पहारेकरी म्हणजे आपले स्नायू आणि सांधे. पाय कुठे आहे, पाठ किती वाकली आहे, हे न बघताही आपल्याला कळतं ते त्यांच्यामुळे. तिघांच्या खबरी एकत्र करून सगळं जुळवून आणण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो.

आमच्या वर्गात मी एक प्रयोग घेते, तुम्हीही करा. भिंतीजवळ उभे राहा, घरातल्या कुणाला तरी शेजारी उभं करा. एका पायावर उभे राहून आकडे मोजा. वीस-तीसपर्यंत सहज जाल. आता डोळे मिटून तेच करा. अहो, दहा मोजेपर्यंत निम्मा वर्ग डुलायला लागतो! एका पहारेकऱ्याला सुट्टी दिली तर ही अवस्था.

पाठीला मार लागतो तेव्हा तिसरा पहारेकरी गडबडतो. दुखऱ्या जागेभोवतीचे मोठे स्नायू आवळून बसतात आणि कण्याला चिकटून असलेले छोटे स्नायू आळशी होतात. त्यांच्याकडून मेंदूला धड खबर मिळत नाही. त्यात पडण्याची भीती असते, म्हणून अंग आणखी ताठ होतं. ताठ झालेलं अंग तर लवकर कलंडतं. पूर्वी अशा दुखण्यात आठवडेच्या आठवडे फळीवर झोपवून ठेवत. आता डॉक्टर सांगतात की हाड मोडलेलं नसेल, पायातला जोर शाबूत असेल, तर एक-दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर हळूहळू हालचाल सुरू करा. पडून राहिलं की स्नायू अधिकच दुबळे होतात.

म्हणजे हरवलेला तोल परत शिकावा लागतो. अगदी बाराखडीपासून!

पुण्यातले साठीचे विद्यार्थी

असं पहिल्या धड्यापासून शिकणारे एक मोठे गुरुजी आपल्या पुण्यातच होऊन गेले. ते घोड्यावरून नव्हे, स्कूटरवरच्या अपघातात जखमी झाले होते. पण पाठीला काय, घोडा असो की स्कूटर, आपटणं सारखंच!

त्यांचं नाव बी. के. एस. अय्यंगार. जन्म 1918 चा, कर्नाटकातल्या बेल्लूरचा. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय अशा आजारांनी ते अगदी काटकुळे झाले होते. पुढे योगासनांनी त्यांची प्रकृती सुधारली आणि 1937 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते आसनं शिकवायला पुण्याला आले ते कायमचे. 1966 साली त्यांचं योगावरचं इंग्रजी पुस्तक निघालं आणि ते जगभर पोचले. 1975 साली मॉडेल कॉलनीत त्यांची योगसंस्था उभी राहिली.

आणि 1979 साली, साठी उलटल्यावर, काही महिन्यांच्या अंतरानं त्यांना स्कूटरचे दोन अपघात झाले. खांदे, पाठीचा कणा, गुडघे, सगळ्यांना मार लागला. जी आसनं ते झोपेतसुद्धा करतील असं लोकांना वाटे, ती जमेनात. जगाचे गुरू, आणि साधं वाकता येईना!

त्यांनी काय केलं? एकदम जुनी अवघड आसनं करायचा हट्ट धरला नाही आणि सतरंजी गुंडाळूनही ठेवली नाही. नव्या विद्यार्थ्यासारखी सोप्या आसनांपासून सुरुवात केली. पट्टे, दोऱ्या, लाकडी विटा, खुर्च्या, लोड यांचा आधार ते शिष्यांना आधीपासून देत असत. तोच आधार आता त्यांनी स्वतः घेतला. त्यांच्या पद्धतीत कमरेएवढ्या उंचीची एक लाकडी घोडी असते. तिला पाठ टेकून किंवा तिला धरून उभं राहिलं की पडण्याची भीती जाते आणि पाठ सुटी होते. इंग्रजीत तिला 'हॉर्स' असंही म्हणतात. म्हणजे पाठ बरी करायलाही घोडाच!

पूर्वीसारखं आसन जमायला त्यांना महिने नव्हे, वर्षं लागली. पण नव्वदी ओलांडल्यावरही ते शीर्षासन करत. 2014 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या 95 व्या वर्षी, पुण्यातच ते गेले.

घोड्यावर परतलेली लिस

आता घोड्याकडे परत वळू. डेन्मार्क देशात लिस हार्टेल नावाची एक घोडेस्वार होती. 1944 साली, वयाच्या 23 व्या वर्षी तिला पोलिओ झाला. आधी ती रांगायला शिकली, मग कुबड्या घेऊन चालायला. गुडघ्याखालच्या पायांत बळ मात्र परत आलंच नाही. तिला घोड्यावर चढवायला आणि उतरवायला माणूस लागे. पण एकदा बसली की कमरेच्या आणि पाठीच्या तोलावर ती घोड्याला हवं ते सांगत असे. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये घोड्याच्या कवायतीच्या स्पर्धेत, ज्यात स्त्रियांना पुरुषांबरोबर पहिल्यांदाच प्रवेश मिळाला होता, तिनं रौप्यपदक जिंकलं. 1956 साली पुन्हा रौप्यपदक! तिच्या यशानंतर अपंगांसाठीच्या घोडेस्वारीला अनेक देशांत चालना मिळाली. कारण घोडा संथ चालतो तेव्हा स्वाराची कंबर जवळजवळ आपण स्वतः चालताना हलते तशीच हलते. ज्याला चालता येत नाही त्याच्या पाठीलाही चालण्याचा सराव मिळतो.

मग तुम्ही काय करायचं?

डॉक्टरांनी होकार दिल्यावर आणि व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टला विचारूनच पुढच्या पायऱ्या चढायच्या.

पहिली पायरी, पाठीवर निजून गुडघे वाकवायचे आणि पोटातून संथ श्वास घ्यायचा. आवळलेली पाठ आधी सैल झाली पाहिजे. रोज थोडं सपाट रस्त्यावर चालायचं.

दुसरी, भिंतीला पाठ लावून ताठ पण सहज उभं राहायचं. खांदे कानांपर्यंत चढवायचे नाहीत.

तिसरी, फरशीच्या रेषेवरून टाचेला पंजा लावत चालायचं. मग एका पायावर उभं राहायचं, आधी भिंतीला हात लावून, नंतर एक बोट लावून, नंतर बोटाशिवाय.

चौथी, घोडा! पण तो उभा. नुसतं बसायचं, घोड्याचा श्वास पायांना जाणवेपर्यंत. मग शिकवणाऱ्यांनी लगाम धरून संथ चाल. दुडकी चाल त्यानंतर, आणि भरधाव तर फार पुढे. हेल्मेट मात्र पहिल्या दिवसापासून. पडताना आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदलायचं.

एखाद्या पायरीवर दुखणं वाढलं तर एक पायरी खाली उतरायचं आणि घरी सांगायचं. ते हरणं नाही. आणि पुन्हा घोड्यावर बसावंसंच वाटलं नाही, तरी कुणी चिडवायचं नाही. पण पहिल्या तीन पायऱ्या त्यानंही करायच्या, कारण जिना सगळ्यांनाच उतरायचा असतो!

आज संध्याकाळी तो एका पायाचा प्रयोग घरच्यांबरोबर करून बघा. आजी-आजोबांना मात्र फक्त डोळे उघडे ठेवून, आणि हात धरून!