यश म्हणजे काय, हे ठाऊक नसताना वाट कशी निवडावी?

एच.एस.सी.चा निकाल लागला की आपल्या बेटावर आठवडाभर दुसरा विषय निघत नाही. शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या मोजक्या मुलांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, सवंगडी त्यांना खांद्यावर उचलून घेतात, आणि घरोघरी आपल्या मुलांना सांगितले जाते, "बघ, असं झालं पाहिजे." त्या मुलांचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो. परंतु आज आम्हांला त्यांच्याविषयी बोलायचे नाही. पास तर झालो, पण पुढे काय करायचे ते ठरत नाही, असे म्हणणारी मुले प्रत्येक गावात आणि बहुतेक प्रत्येक कुटुंबात आहेत. काका विचारतात, मावशी विचारते, देवळात भेटलेले शेजारी विचारतात, "मग, काय व्हायचं ठरवलंस?" मुलगा खाली बघतो, मुलगी हसून विषय बदलते.

अशा मुलांना आळशी किंवा हट्टी म्हणण्याची आपल्याकडे घाई होते. आमचे मत निराळे आहे. कोणता व्यवसाय घ्यावा, ही त्यांची खरी अडचण बहुधा नसतेच. आयुष्यात यश कशाला म्हणायचे, हेच त्यांच्या मनाशी ठरलेले नसते. ज्याला आपला मुक्काम ठाऊक नाही, त्याला कोणती बस पकडणार असे विचारून काय उपयोग? तेव्हा वाचकहो, आधी मुक्कामाविषयी थोडा विचार करू.

वाडवडिलांचे यश

आपले पूर्वज कोकणातून मुंबई बंदरावाटे या बेटावर आले. पाच वर्षांचे कंत्राट, शेतमजुराला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. कंत्राट संपले तरी सुटका पुरती होत नसे. १८६७ च्या कायद्यानंतर जुन्या मजुरांनाही परवाना आणि छायाचित्र जवळ बाळगावे लागे, आणि ते नसले तर पोलीस पकडून नेत. अशा माणसाला यश म्हणजे काय, असे कोणी विचारले असते, तर तो काय म्हणाला असता? मनात येईल तेव्हा मनात येईल तिकडे जाता यावे, इतकेच.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मोठ्या मळेवाल्यांनी आपल्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. लोकांनी पैपै जमवून एक-दोन आर्पां जमीन घेतली, स्वतःचा ऊस लावला. आता यश म्हणजे स्वतःची जमीन आणि तिच्यावर स्वतःचे घर. त्यानंतरच्या पिढीने पाहिले की ऊन, पाऊस आणि वादळ यांत राबून शरीर मोडते. तेव्हा मुलाने सावलीत बसून लेखणी धरावी, शिक्षक, कारकून किंवा पोलीस व्हावे, महिन्याचा पगार आणि म्हातारपणी पेन्शन मिळावी, हे यश झाले. १९७७ सालापासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले, आणि फी परवडत नाही म्हणून घरी बसवलेल्या मुलींसाठीही ही वाट खुली झाली. मग डॉक्टर, वकील, हिशेबतपासनीस. मग परदेश.

हे सारे सांगण्याचे कारण असे की यशाचा यांतला एकही अर्थ आकाशातून पडला नव्हता. प्रत्येक अर्थामागे त्या पिढीची एकेक भीती होती. परवान्याच्या धाकातून मोकळेपणाचे महत्त्व आले, बेघरपणातून जमिनीचे, आणि म्हातारपणी हात पसरावे लागतील या काळजीतून पेन्शनचे. आज एखादे वडील मुलाला "सरकारी नोकरीच धर" असे बजावतात, तेव्हा त्यांच्या तोंडून त्यांची भीती बोलत असते. ती खोटी नाही. पण ती मुलाचीही असेलच, असे नाही. आजोबांचा कोट नातवाला घालावा, पण आधी मापाला लावून पाहावा.

भाकितांवर किती विसंबावे?

मुलांना दुसरा एक सल्ला नेहमी मिळतो: ज्याला मागणी आहे ते शिका. सल्ला वाईट नाही, पण मागणी कोणाला कळते?

१९६१ साली जेम्स मीड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाचा आपल्या बेटाविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. लोकसंख्या भराभर वाढते आहे, जमीन थोडी आहे, आणि सगळा भार एका उसावर आहे, हे पाहून त्यांना भविष्य काळेच दिसले. हे गृहस्थ काही साधेसुधे नव्हते. पुढे १९७७ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही बेटाने त्यांचे भाकीत खोटे पाडले.

आता एक साधा हिशेब करू. १९७७ साली जो तरुण २२ वर्षांचा होता, तो २०२० साली ६५ वर्षांचा झाला. म्हणजे एक पुरी नोकरी. या ४३ वर्षांत त्याने काय काय पाहिले? १९७० च्या कायद्याने सुरू झालेल्या निर्यात क्षेत्रातले कपड्यांचे कारखाने गावोगावी उभे राहिले, आणि कालपर्यंत घराबाहेर न पडलेल्या बायका पगार घेऊन घरी येऊ लागल्या. २००४ च्या अखेरीस कापड-व्यापारातला आंतरराष्ट्रीय कोटा संपला, आणि त्याच सुमारास पुष्कळ कारखान्यांना कुलपे लागली. १९७५ च्या करारामुळे युरोपात साखरेला हमीभाव मिळत होता. २००६ पासून तो टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरला, आणि २००९ मध्ये तो करारच संपला. मजुरांना स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली, साखर कारखाने एकामागून एक बंद झाले. एकीकडे हॉटेले वाढली, परदेशी कंपन्यांची वित्तीय कामे आली, एबेनला उसाच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षी, मार्च २०२० मध्ये, साथीमुळे बेटाच्या सीमाच बंद झाल्या आणि हॉटेले ओस पडली.

१९७७ साली २२ वर्षांच्या तरुणाला यांतले काय सांगता आले असते? काहीच नाही. "पक्की" समजली जाणारी वाटही नेहमी पक्की राहत नाही. परदेशी जाऊन डॉक्टरकीची पदवी घेऊन आलेल्या कित्येक मुलांना आपल्याच इस्पितळांत उमेदवारीच्या जागेसाठी वाट पाहत बसावे लागले आहे. तेव्हा १८ व्या वर्षी एकदा निवडले की ४३ वर्षांचे काम झाले, ही समजूतच मुळी सोडून द्यावी. ती सोडली की मुलांच्या डोक्यावरचे अर्धे ओझे उतरते.

चार प्रश्न

मग करायचे काय? यशाची व्याख्या सापडेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे? मुळीच नाही. व्याख्या बसून सापडत नाही. पण पाऊल टाकण्यापूर्वी मुलांनी स्वतःला चार प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवू.

पहिला प्रश्न: मला काय नको आहे? काय हवे ते पुष्कळांना ठाऊक नसते, पण काय सोसवणार नाही ते बहुतेकांना ठाऊक असते. कोणाला दिवसभर एका खोलीत बसवत नाही. कोणाला अनोळखी माणसांशी बोलण्याचा धसका असतो. कोणाला आईवडिलांपासून हजारो मैल दूर राहणे नको असते, तर कोणाला दर महिन्याला पैशांची ओढाताण नको असते. हे कागदावर लिहावे. ही यादीही एक प्रकारची व्याख्याच आहे.

दुसरा प्रश्न: या कामातला साधा दिवस कसा असतो? आपण पदव्यांची नावे निवडतो, पण जगावे लागतात ते दिवस. हॉटेलातल्या नोकरीत रविवार आणि सण हेच सर्वांत गर्दीचे दिवस. गणेश चतुर्थीला सगळे गाव विसर्जनाला निघालेले असताना तुम्ही पाहुण्यांचे सामान उचलत असाल. एबेनमध्ये फ्रान्सच्या ग्राहकांसाठी काम करायचे, तर फ्रान्सचे घड्याळ तिकडच्या उन्हाळ्यात आपल्यामागे दोन तास आणि हिवाळ्यात तीन तास असते. तिकडचे संध्याकाळचे सहा म्हणजे इकडचे रात्रीचे नऊ. परिचारिकेला रात्रपाळी चुकत नाही. हिशेबतपासनीस होण्यासाठी ए.सी.सी.ए.चे १३ पेपर असतात, आणि पुष्कळ जण नोकरी सांभाळून, संध्याकाळी आणि सुट्टीत अभ्यास करून ते देतात. मराठीच्या शिक्षकाला वर्गात मूठभर मुले मिळतात, पण त्यांच्या घरची भाषा टिकवण्याचे समाधानही मिळते. यांतले कोणतेही काम हलके नाही. तो दिवस आपल्याला रुचेल का, एवढेच पाहायचे. त्यासाठी ते काम करणाऱ्या दोन-तीन माणसांना गाठावे आणि विचारावे, "कालचा दिवस कसा गेला?" आपला समाज लहान आहे. कोणाच्या ना कोणाच्या ओळखीने असा माणूस सापडतोच.

तिसरा प्रश्न: या निवडीने कोणती दारे बंद होतात? एस.सी.नंतर एच.एस.सी.साठी तीन मुख्य विषय घ्यावे लागतात. गणित आणि शास्त्र सोडले की इंजिनियरिंगचे आणि वैद्यकाचे दार जवळजवळ मिटते. पुन्हा उघडायला वर्षे खर्ची पडतात. ज्याचे काहीच ठरलेले नाही, त्याने जास्तीत जास्त दारे उघडी राहतील असे विषय घ्यावेत, मात्र झेपतील तेच. आणि परत फिरता येईल असे पाऊल आणि परत फिरता येणार नाही असे पाऊल, यांतला फरक ओळखावा. जानेवारी २०१९ पासून आपल्या सरकारी उच्चशिक्षण संस्थांत पहिल्या पदवीची फी माफ आहे. तिथे एक वर्ष शिकून मार्ग बदलला, तर वर्ष जाते, घर जात नाही. उलट घर गहाण टाकून मुलाला परदेशी वैद्यकाला पाठवले आणि दुसऱ्या वर्षी त्याचे मन उडाले, तर त्याला तोंड उघडायचीही सोय उरत नाही. एवढे मोठे कर्ज त्याच्याच शिक्षणासाठी काढावे, ज्याला आपण कुठे आणि का जातो आहोत हे पक्के ठाऊक आहे.

चौथा प्रश्न: कोणी पाहणारे नसते, तरी मी हे निवडले असते का? लग्नकार्यात मिरवता येते म्हणून घेतलेले काम रोज सकाळी उठवत नाही. त्याचप्रमाणे, नाव मोठे नाही म्हणून नाकारलेले काम पुष्कळदा आवडीचे निघते. वीज, नळ, मोटारदुरुस्ती, स्वयंपाक यांचे शिक्षण एम.आय.टी.डी.च्या केंद्रांत मिळते. या हातांच्या कामांना आपल्याकडे अजून नाक मुरडले जाते, आणि नळ फुटला की त्याच कारागिराची दिवसभर वाट पाहिली जाते.

घरची परिस्थिती

इथे कोणी म्हणेल, हे सगळे सुखवस्तू घरांचे बोलणे झाले. ज्या घरात वडील आजारी आहेत, धाकटी भावंडे शिकत आहेत, तिथल्या मुलाने व्याख्या शोधत बसावे काय? आक्षेप खरा आहे. अशा मुलाने मिळेल ती प्रामाणिक नोकरी आधी धरावी, आणि त्यात कमीपणा मानू नये. आजच्या घडीला घर उभे ठेवणे हेच त्याचे यश आहे, आणि आपल्या पूर्वजांच्या यशापेक्षा ते तसूभरही कमी नाही. फक्त त्याने मनातला प्रश्न मिटवून टाकू नये. मुक्त विद्यापीठातून नोकरी करता करता शिकता येते, आणि ३० व्या वर्षी वाट बदललेली माणसे आपल्या आसपास कितीतरी आहेत.

पालकांना विनंती

आईवडिलांना आमचे सांगणे थोडक्यात आहे. मुलाला "अमुक हो" असे सांगण्याऐवजी, आपण त्या वयात कशाला भीत होतो ते सांगा. आजोबांनी जमीन कशी घेतली, आईची शाळा का सुटली, कारखाना बंद झाला तेव्हा घरात काय बोलणे झाले, हे मुलांना बहुधा कोणी सांगितलेलेच नसते. ते ऐकले की आपल्या घरातली यशाची कल्पना कुठून आली हे मुलांना कळते, आणि तिच्यातले काय ठेवायचे व काय बदलायचे ते त्यांना शांतपणे ठरवता येते. हुकूम ऐकून मूल एक तर वाकते, नाही तर भांडते.

आणि मुलांनो, आयुष्यभराचा निर्णय आज घेऊ नका. दोन वर्षांचा घ्या. वहीत तारीख टाकून लिहा की मी हे निवडतो आहे, या या कारणांसाठी. दोन वर्षांनी ती वही उघडून घरच्यांसमोर वाचा. कारणे तशीच असतील तर पुढे चला, बदलली असतील तर वळा. काही ठरवलेच नाही, म्हणून सोयरेधायरे ढकलतील तिकडे जाणे, एवढे मात्र करू नका. पुढच्या वेळी काकांनी विचारले, "काय व्हायचं ठरवलंस?" तर खाली न बघता सांगा, "काका, पुढच्या दोन वर्षांत काय करायचं ते ठरवलंय. पुढचं त्यातूनच कळेल."