कागदावरचे उद्यान

उद्यानाचा आराखडा रंगविणाऱ्यापुढची अडचण जुनीच आहे: जे दाखवायचे ते अद्याप उगवलेले नसते, आणि जे उगवलेले आहे ते बदलायचे असते. हम्फ्री रेप्टन (१७५२–१८१८) या इंग्रज उद्यानरचनाकाराने आपल्या जमीनदार आश्रयदात्यांना सादर केलेल्या, बहुधा तांबड्या चामड्यात बांधलेल्या हस्तलिखित पुस्तकांत त्यावर मोठी चतुर तोड काढली होती. जलरंगी देखाव्यावर मालमत्तेची सद्यःस्थिती दर्शविणारी कागदाची झडप चिकटविलेली असे, आणि ती उचलताच खालून नियोजित तळे व वृक्षराजी प्रकट होई. फोटोशॉपमध्ये १९९४ साली आलेले ‘लेअर’ हे मला या झडपेचेच वंशज वाटतात.

आजची मिश्र पद्धत अशी. मोजणीच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून वाटा, पायऱ्या आणि वृक्ष शाईने हाताने रेखाटावयाचे, जलरंगाचे हात निराळ्या जाड कागदावर द्यावयाचे, आणि दोन्ही कागद इंचाला ३०० ठिपक्यांच्या बारकाव्याने स्कॅन करून रेषांचा थर रंगाच्या थरावर ‘मल्टिप्लाय’ रीतीने बसवावयाचा. या रीतीत वरच्या व खालच्या ठिपक्यांच्या उजळपणाचा गुणाकार होतो; पांढरा म्हणजे एक, काळा म्हणजे शून्य; त्यामुळे कोरा कागद आपोआप अंतर्धान पावतो आणि शाई तेवढी शिल्लक राहते.

खरी परीक्षा वृक्षांची. १:२०० प्रमाणावर दहा मीटर विस्ताराचा वृक्ष पाच सेंटिमीटरांचे वर्तुळ होतो, आणि संगणकाने त्याच एका वर्तुळाच्या नकला काढल्या की उद्यानाऐवजी पलटणीची कवायत दिसू लागते. म्हणून पाच-सहा निरनिराळे वृक्ष हाताने काढून ते फिरवून वापरतात. परंतु वृक्ष फिरविला की त्याची छायाही फिरते, आणि एकाच अंगणात चार सूर्य उगवल्याचा भास होतो! यास्तव छायेची तरतूद स्वतंत्र थरावर करणे इष्ट. तीही पाश्चात्त्य पुस्तकांच्या शिरस्त्याप्रमाणे सरसकट उत्तरेकडे टाकू नये. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेस असतो, त्यामुळे भर दुपारची आखूड सावली दक्षिणेस पडते. बसण्याचे बाक कोठे ठेवावेत, हा प्रश्न त्यावर अवलंबून आहे.

सर्व काम संगणकावरच का उरकू नये, अशी पृच्छा साहजिक आहे. वेळ वाचेल, यात शंका नाही. तथापि छायाचित्रासारखा तुळतुळीत देखावा पाहून मालक एक तर मान डोलावतो, नाही तर तो नापसंत करतो. किंचित थरथरलेली रेषा पाहिली, की हा अजून मसुदाच आहे हे ओळखून तो गुलमोहराच्या जागी बकुळ सुचवितो, आणि त्या सूचनेखातर अख्खा कागद रद्दबातल न करता वृक्षांचा एक थर तेवढा बदलला की भागते.