नाव निराळे, गोळी तीच

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढले की माळ्यावरच्या पितळी डब्यांपासून देवघरातल्या निरांजनापर्यंत सगळे घासूनपुसून लखलखीत होते. एका डब्याला मात्र कुणी हात लावत नाही. तो म्हणजे औषधांचा डबा. आमच्याकडे तो बिस्किटांचा जुना, पत्र्याचा आहे. झाकण उघडावे, तर बामच्या वासाबरोबर आत काय काय दिसते! पिळून संपत आलेल्या मलमाच्या नळ्या, झाकण चिकटून बसलेली खोकल्याची बाटली, नाकात घालायचे थेंब, आणि मेडिकलवाल्याने कात्रीने कापून दिलेले पट्ट्यांचे तुकडे. कुठे दोन गोळ्या, कुठे तीन. ज्या तुकड्यावर गोळीचे नाव, त्यावर मुदतीची तारीख नाही. ज्यावर तारीख, त्यावर नाव अर्धेच. तरी घरातल्या बाईला सगळे कसे पाठ असते. "ती लांबट पांढरी तापाची, ती पिवळी सर्दीची, आणि ती गुलाबी गुडघ्याची."

मीही गोळ्या अशाच रंगावरून ओळखत होते. एका दिवाळीत आमच्या शेजारी जे घडले, त्यानंतर ते सोडले.

शिवाजी पेठेत आमच्या भिंतीला भिंत लावून अण्णांचे घर आहे. अण्णांचे वय तेव्हा एकाहत्तर. तरुणपणी तालमीत घाम गाळलेला, पण आता अंगावर मांस असे उरलेले नाही. सकाळी रंकाळ्याला फेरी मारायची आणि गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध प्यायचे, हा नेम. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान करून उघड्या अंगाने नातवंडांचे फटाके बघत चौकात उभे राहिले, आणि पाडव्याला सर्दी-तापाने आडवे झाले.

मग सुरू झाली सेवा. डॉक्टरांनी तापासाठी साडेसहाशेची गोळी सहा-सहा तासांनी लिहून दिली होती, ती काकी घड्याळ लावून देत. नाक फार वाहते म्हणून सूनबाईने मेडिकलमधून सर्दीची गोळी आणली, दिवसातून तीन वेळा. गुडघ्यासाठी हाडांच्या डॉक्टरांची गोळी सकाळ-संध्याकाळ आधीपासूनच चालू होती; ती अण्णा आपली आपण घेत. आणि तिसऱ्या प्रहरी समाचाराला येणारे तालमीतले जुने दोस्त खिशातून डोकेदुखीची एक गोळी काढून म्हणत, "घे रं अण्णा, डोस्कं हलकं हुईल." प्रत्येक जण दुसऱ्याच्या नकळत देत होता असेही नाही. सगळे सगळ्यांना दिसत होते. तापाला तापाची, सर्दीला सर्दीची, गुडघ्याला गुडघ्याची; त्यात वावगे काय?

तिसऱ्या दिवशी अण्णांनी अन्न टाकले. मळमळ, दोन उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखते म्हणू लागले. "फराळाचे तेल बाधले," असे काकींनी ठरवले. मीही मान डोलावली. ताप अजून होताच, म्हणून गोळ्याही चालूच. सुदैवाने डॉक्टर घरी आले आणि त्यांनी नाडी बघण्याआधी एक चमत्कारिक गोष्ट मागितली. "तुमचा औषधांचा डबा आणा, आणि भिंग असेल तर तेही."

भिंगातून प्रत्येक पट्टीवरची बारीक अक्षरे वाचून ते एकेक आकडा माझ्या हातातल्या कागदावर लिहायला सांगत होते. तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल 650 मिलिग्रॅम, चार वेळा: 2600. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल 500, तीन वेळा: 1500. गुडघ्याच्या गोळीत वेदनाशामकाबरोबर पॅरासिटामॉल 325, दोन वेळा: 650. दोस्ताच्या गोळीत 250. बेरीज झाली पाच हजार. म्हणजे दिवसाला पाच ग्रॅम, आणि हे सलग तीन दिवस, धड न जेवणाऱ्या, एकाहत्तर वर्षांच्या, सडपातळ माणसाच्या पोटात. धडधाकट, भरल्या अंगाच्या माणसालाही चोवीस तासांत चार ग्रॅमची मर्यादा ओलांडू देत नाहीत. अण्णांसारख्याला तर डॉक्टर ती आणखी खाली आणतात.

अण्णांना त्याच संध्याकाळी रुग्णालयात ठेवावे लागले. रक्ततपासणीत यकृताला मार बसल्याचे दिसले. शिरेतून उतारा दिला गेला, आणि आठवड्याने ते घरी आले. कागदावरची ती बेरीज अजून माझ्याकडे आहे. त्यात कुणाही एकाची चूक सापडत नाही. काकींनी, सुनेने, डॉक्टरांनी, दोस्ताने, प्रत्येकाने आपापले माप बरोबरच दिले होते. बेरीज तेवढी कुणी केली नव्हती.

पॅरासिटामॉल हे काही दुष्ट औषध नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. नाहीतर उद्या घरोघर तापाच्या गोळ्या उकिरड्यावर जातील आणि दोष माझ्या माथी येईल. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये 1955-56 च्या सुमारास ते बाजारात आले, ते ॲस्पिरिनपेक्षा पोटाला सौम्य म्हणून. योग्य मापात ते आजही फार सुरक्षित गणले जाते. पण मोठ्या मात्रेने यकृत जळते, हे स्कॉटलंडमधल्या डॉक्टरांनी 1966 साली छापून प्रसिद्ध केले, आणि ते खरेच आहे.

हे होते कसे? पोटात गेलेल्या पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग यकृत निमूटपणे निकालात काढते. थोड्या भागाचे मात्र एक विषारी द्रव्य बनते. त्याला निष्प्रभ करणारा ग्लुटाथिऑन नावाचा साठा यकृतात असतो. हा साठा म्हणजे घरातली शिल्लक. रोजचा खर्च भागतो. पण एकदम किंवा रोज थोडा थोडा जास्त खर्च झाला की शिल्लक संपते, आणि मग ते विष यकृताच्या पेशींवरच उठते. उपासतापास, आजारात न जेवणे, रोजचे मद्यपान यांनी शिल्लक आधीच कमी झालेली असते. म्हणून चार दिवस पेजेवर असलेल्या आजाऱ्याला आणि रोज संध्याकाळी 'थोडीशी' घेणाऱ्याला नेहमीचे माप जड जाऊ शकते.

यातली खरी फसगत पुढेच आहे. जास्त मात्रा पोटात गेल्यावर पहिल्या दिवशी फारसे काही जाणवत नाही. थोडी मळमळ, घाम, थकवा. ही तर सर्दी-तापाचीच लक्षणे! काही वेळा दुसऱ्या दिवशी माणसाला बरेसुद्धा वाटते, आणि आत यकृताची नासाडी चालूच असते. कावीळ दिसते ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी. उतारा आहे, त्याचे नाव ॲसिटिलसिस्टीन. गंमत अशी की हे औषध मुळात छातीतला कफ पातळ करण्यासाठी निघाले. एकदम जास्त गोळ्या पोटात गेल्या असतील, तर आठ तासांच्या आत ते मिळाल्यास यकृत बहुधा वाचते. उशिरा दिले तरी उपयोग होतो, पण थांबून पाहण्याचे हे दुखणे नाही.

आता पुन्हा डब्याकडे वळू. क्रोसिन, कॅलपॉल, मेटासिन, डोलो ही नावे पाठ नसलेला मध्यमवर्गीय विरळा. करोनाच्या साथीत डोलो तर लहान मुलांच्याही तोंडी झाली. ही सारी नुसत्या पॅरासिटामॉलचीच नावे. पण कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेनबरोबर तेच आहे, झेरोडॉल-पी मधला 'पी' तोच, अल्ट्रासेटमध्ये तेच, सॅरिडॉनमध्येही तेच. सर्दीच्या बहुतेक सगळ्या गोळ्यांत ते आहे. सोबत चोंदलेले नाक मोकळे करणारे एखादे द्रव्य, झोप आणणारे क्लोरफेनिरामिन, कधी चहातले कॅफीन. कंपन्या घटक अधूनमधून बदलतात, तेव्हा माझ्या यादीवर विसंबू नका. हातातली पट्टीच वाचा. अमेरिकेहून आलेल्या जावयाने टायलेनॉलची भलीमोठी बरणी आणली असेल, तर त्यावर पॅरासिटामॉल हा शब्द शोधूनही सापडणार नाही. तिकडे त्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात. औषध एकच.

पट्टी वाचणे सोपे नाही, हे मला मान्य आहे. औषधाचे मूळ नाव कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापावे असा नियम आपल्या सरकारने 2018 साली काढला. परंतु तीन किंवा अधिक औषधांच्या मिश्रणांना त्यातून सूट दिली. म्हणजे नेमक्या सर्दीच्या गोळ्या सुटल्या! जिथे वाचण्याची सर्वांत जास्त गरज, तिथेच अक्षर मुंगीएवढे, आणि तेही बहुधा इंग्रजीत. ब्रिटनने 1998 पासून एका पाकिटात किती गोळ्या विकाव्यात यावर बंधन घातले, किराणा दुकानात सोळा आणि औषधाच्या दुकानात बत्तीस. अमेरिकेने 2011 मध्ये, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या मिश्र गोळीत 325 मिलिग्रॅमपेक्षा जास्त पॅरासिटामॉल नको, असे कंपन्यांना सांगितले. या दोन्ही देशांत एकाएकी यकृत निकामी होण्याचे पहिले कारण हेच औषध आहे. आपल्याकडे तो मान अजून विषाणूच्या काविळीचा आहे, म्हणून या गोष्टीची चर्चा कमी.

दुखण्याच्या इतर गोळ्यांनाही हेच लागू. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक ही एकाच घराण्यातली भावंडे. एक दाताच्या डॉक्टरांची आणि एक कंबरेच्या डॉक्टरांची अशा दोन एकदम घेतल्या, तर आराम दुप्पट होत नाही, जठरातला रक्तस्राव आणि मूत्रपिंडावरचा ताण तेवढा वाढतो.

लहान मुलांच्या बाबतीत चूक गोळीची नव्हे, चमच्याची होते. तापाचे पातळ औषध बाजारात तीन तऱ्हेचे मिळते. साध्या सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम, तीव्र सिरपच्या तेवढ्यातच 240 किंवा 250, आणि तान्ह्या मुलांसाठीच्या थेंबांत एका मिलिलिटरमध्येच 100. थेंब बाळासाठी म्हणून ते सौम्य असणार, असा आपला भाबडा समज. वस्तुतः ते साध्या सिरपच्या चौपटीहून तीव्र असतात. थोरल्याचे सिरप संपले म्हणून धाकट्याच्या बाटलीतून चमचाभर दिले, तर 500 मिलिग्रॅम गेले. दहा किलोच्या मुलाला एका वेळी 100 ते 150 पुरे. शिवाय चमचा कुठला? चहाचा, पोह्यांचा की आमटीचा? बाटलीबरोबर येणारे मापच वापरावे, आणि वय सांगण्यापेक्षा डॉक्टरांना मुलाचे वजन सांगावे.

सर्दी-खोकल्याची सिरपे ही तर निराळीच कथा. 2025 च्या पावसाळ्याअखेरीस मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुले मूत्रपिंडे निकामी होऊन उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली गेली, आणि वीसहून अधिक बालके दगावली. कोल्ड्रिफ नावाच्या त्या सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक विष निघाले. ते जास्त मात्रेचे प्रकरण नव्हते. बाटलीतच विष होते, आणि कुठल्याही आईला ते भिंगाने वाचता आले नसते. पण त्या निमित्ताने केंद्र सरकारने जे पुन्हा बजावले, ते आपल्या विषयाचेच आहे: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालीही ती सहसा नकोत. लहान मुलाची साधी सर्दी आपोआप बरी होते. कोमट पाणी, नाकात मिठाच्या पाण्याचे तयार थेंब, आणि वर्ष उलटलेल्या मुलाला अर्धा चमचा मध. मोठ्यांसाठी कोल्हापुरात पांढरा रस्सा आहेच!

आणि समजा, बेरीज चुकल्याचे लक्षात आलेच, तर? मिठाचे पाणी पाजून उलटी काढायची आपली जुनी रीत सोडून द्यावी. त्याने दुसरेच संकट ओढवते. माणूस ठणठणीत दिसत असला तरी त्याला रुग्णालयात न्यावे; आमच्याकडे भाऊसिंगजी रोडवरचे सीपीआर आहे, रुग्णवाहिकेसाठी 108 आहे. जाताना सगळ्या पट्ट्या आणि बाटल्या पिशवीत घालून न्याव्यात, रिकाम्यासुद्धा. काय, किती आणि किती वाजता घेतले एवढे सांगता आले, तर डॉक्टरांचे अर्धे काम झालेले असते.

अण्णांच्या घरी आता भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या खाड्यांशेजारी गोळ्यांचे आकडेही दिसतात. कुणी आजारी पडले की काकी प्रत्येक गोळीची वेळ आणि पॅरासिटामॉलचे मिलिग्रॅम तिथे पेन्सिलीने लिहितात. सूनबाई रात्री बेरीज करते. मेडिकलवाल्यालाही त्यांनी सांगून ठेवले आहे, "कापायचीच असेल पट्टी, तर नावाचं टोक आमच्याकडं द्या." अण्णा यावर फार कुरकुरतात. परवा तालमीतल्या दोस्ताने पुन्हा खिशात हात घातला, तर काकी आतूनच म्हणाल्या, "थांबा वो भावजी, आधी तिच्यात काय हाय ते वाचून दाखवा." त्यांनी चष्मा आणलेला नव्हता. गोळी खिशात परत गेली.