रविवारचा फेरा: पेण ते रोहा

पहाटे ५.३०
जपमाळ संपवून प्रवचनाचा कागद पुन्हा वाचतो. आज दोन मिस्सा, पेणला आणि रोह्याला. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मसंहितेप्रमाणे धर्मगुरूने दिवसाला एकच मिस्सा करायची. धर्मगुरू कमी असतील तर परवानगीने रविवारी तीनपर्यंत. माझ्यासाठी ही सवलतच नियम झाली आहे.

सकाळी ७.३०
पेणची मिस्सा. पुढच्या बाकांवर आजी-आजोबा, मागचे बाक मोकळे. तरुण मुलं पनवेल, मुंबई, आखातात. बाहेर एक आजी हात धरतात, "फादर, नातवाचं लग्न तुम्हीच लावाल ना?" "लावीन की आजी. पण त्याला आधी एकदा भेटायला पाठवा."

सकाळी ९.३०
वडखळ, नागोठण्यावरून रोहा. २०११पासून रुंद होत असलेला महामार्ग अंग खिळखिळं करतो.

सकाळी ११
रोह्याची मिस्सा. धाटाव एमआयडीसीतली रात्रपाळी करून आलेला माणूस घरी झोपलेला, सकाळपाळीचा कामावर. जे येतात त्यांच्या घरात मल्याळम, तमिळ, कोकणी. आम्हाला एकत्र आणते ती मराठी मिस्सा.

दुपारी १
मूळच्या कोर्लई गावच्या एका कुटुंबाकडे जेवण. १७४०मध्ये पोर्तुगीज तिथून गेले, सत्ता गेली. तरी माउंट कार्मेल मातेचं चर्च राहिलं आणि पोर्तुगीजपासून घडलेली बोलीही घराघरांत राहिली. तिथे शेजारी, सोयरे आणि चर्चमधली माणसं एकच होती. धाटावच्या भाड्याच्या खोल्यांत दोन कॅथलिक कुटुंबं एकाच इमारतीत राहूनही एकमेकांना ओळखत नाहीत. माझ्या मते बाक रिकामे होण्याचं मूळ इथे आहे. श्रद्धा आटलेली मला दिसत नाही.

दुपारी ३
घरभेटी. अंथरुणाला खिळलेल्या मावशींना ख्रिस्तशरीर देतो. मिस्सेला कधी न दिसणारा त्यांचा मुलगा गुडघे टेकून सगळी प्रार्थना तोंडपाठ म्हणतो.

संध्याकाळी ५
धर्मशिक्षणाचा वर्ग. दहावीची मुलं क्लासला गेलेली. लहानग्यांना घेऊनच शिकवतो.

रात्री ८.३०
शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते. ती दर आठवड्याला धाटावच्या एकेका घरी करायची परवानगी मागणारं पत्र लिहून ठेवलं. मिस्सेनंतर शेजारच्या दोन घरांनी एकत्र जेवायचं, एवढीच अट. उद्या पाळ्यांचं वेळापत्रक विचारून पहिलं घर ठरवायचं आहे.