दोन गाण्यांमधली जागा

ज्यांच्या मोटारीत सीडी प्लेअर आहे किंवा घरातला डेक अजून उत्तम वाजतो, त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. आवडीची गाणी निवडून घरीच सीडी करायची, तर सर्वांत चांगला आवाज देणारं सॉफ्टवेअर कोणतं? या प्रश्नातलं गृहीतकच तपासायला हवं, कारण सीडी बर्न करणारं सॉफ्टवेअर आवाज घडवत नाही. फिलिप्स आणि सोनीनं १९८० मध्ये ठरवलेल्या ‘रेड बुक’ मानकानं ऑडिओ सीडीचं स्वरूप पक्कं बांधून टाकलं आहे: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, चॅनेल दोन. या ४४,१०० चा उगम मोठा गमतीदार आहे. त्या काळी डिजिटल ध्वनी साठवायला हाताशी होते ते व्हिडिओ टेप रेकॉर्डर. चित्राच्या एका ओळीत तीन नमुने बसवायचे ठरवलं, तर अमेरिका-जपानच्या टीव्ही पद्धतीत २४५ ओळी गुणिले ६० फील्ड आणि युरोपच्या पद्धतीत २९४ ओळी गुणिले ५० फील्ड, दोन्हीकडे उत्तर तेच येतं. टीव्हीच्या पडद्याचा हा हिशेब आज घरी बनवलेल्या सीडीतही जसाच्या तसा आहे, आणि कोणतंही सॉफ्टवेअर तो बदलू शकत नाही.

मग लिहिताना चुका होत नाहीत का? होतात, आणि वाचतानाही होतात; धूळ, ओरखडे, डिस्कवरच्या रंगद्रव्यातले दोष ही नेहमीचीच कारणं. त्या चुका निस्तरतं ते आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेलं गणित, आणि त्याच्या जोडीला नमुने विखरून लिहिण्याची युक्ती. कादंबरीचं एक अख्खं पान फाटलं तर कथा तुटते, पण तेवढेच शब्द पुस्तकभर एकेक करून गहाळ झाले तर वाचक ते संदर्भानं भरून काढतो. सीडीवर नमुने असेच पांगवलेले असल्यामुळे दोन-अडीच मिलिमीटरचा सलग दोषही पूर्ण दुरुस्त होऊ शकतो. रीड आणि सॉलोमन यांची नावं निदान या संकेताला तरी चिकटली आहेत. पण तो झटपट उलगडण्याची रीत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात शोधणारे एल्विन बर्लेकॅम्प सीडीच्या इतिहासात क्वचितच भेटतात. हा मोठा अन्याय आहे, कारण त्या रीतीवाचून हे सुंदर गणित बराच काळ कागदावरच राहिलं असतं. दुरुस्ती प्लेअरमध्येच होते, त्यामुळे नीट बर्न झालेल्या डिस्कमधून तेच बिट बाहेर येतात, मग ते फुकटच्या सॉफ्टवेअरनं लिहिलेले असोत की महागड्या.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की दोन सॉफ्टवेअरनी केलेल्या सीडी ऐकायला वेगळ्या लागतात. तो अनुभव खोटा नसतो, पण त्याचं कारण बर्न करण्याच्या आधीच्या पायरीत सापडतं. एमपी३ फाइल आधी उलगडावी लागते. व्हिडिओतून काढलेला ध्वनी बहुधा सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा असतो. तो ४४,१०० वर आणायचा म्हणजे १६० नमुन्यांच्या जागी १४७ नवे नमुने मोजून काढायचे, आणि हे गणित घाईनं केलं तर वरच्या स्वरांत खरखर येते. शिवाय काही सॉफ्टवेअर न विचारता आवाजाची पातळी बदलतात. दुसरीकडे, १२८ केबीपीएसची एमपी३ सीडीवर १,४११ केबीपीएस जागा व्यापते म्हणून गाळलेला तपशील परत येत नाही. ‘सीडी दर्जाचा आवाज’ अशी जाहिरात करणाऱ्या रूपांतरकांबद्दल म्हणूनच सावध असावं.

खरा फरक दिसतो तो सांध्यावर. प्रत्येक ट्रॅक वेगळा लिहून लेझर थांबवण्याच्या पद्धतीत, म्हणजे ‘ट्रॅक ॲट वन्स’मध्ये, दोन ट्रॅकमध्ये साधारण दोन सेकंदांची शांतता येते. सुट्या भावगीतांच्या संग्रहात ती खपते. पण विलंबित ख्यालातून द्रुत बंदिशीकडे जाणारं सलग ध्वनिमुद्रण दोन ट्रॅकमध्ये विभागलं असेल, तर तिथे ही शांतता मैफलच तोडते. अख्खी डिस्क एका दमात लिहिणारी ‘डिस्क ॲट वन्स’ पद्धत हवी, आणि अंतर शून्यावर आणण्याची सोयही हवी. एवढ्यानंही काम संपत नाही. सीडीवर ध्वनी ५८८ नमुन्यांच्या ठोकळ्यांत, सेकंदाला ७५ ठोकळे या मापानं बसतो. ट्रॅक ठोकळ्याच्या मध्येच संपला, तर काही सॉफ्टवेअर उरलेली जागा शून्यांनी भरतात आणि सांध्यावर ‘टक्’ ऐकू येतं. चांगलं सॉफ्टवेअर पुढच्या ट्रॅकचे नमुने घेऊन ठोकळा पुरा करतं. एमपी३ तर सुरुवातीलाच सुमारे २५ मिलिसेकंदांची पोकळी घालते. ती किती आहे याची नोंद लेमसारखे एन्कोडर फाइलमध्ये ठेवतात, पण ती वाचून पोकळी छाटणं सॉफ्टवेअरच्या हाती असतं. परीक्षा सोपी आहे: तानपुऱ्याचं सलग ध्वनिमुद्रण मधोमध कापून दोन ट्रॅक करावेत आणि पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर बर्न करून ऐकावेत. अखंड स्वरातली फट सवय नसलेल्या कानालाही कळते.

दुसरी कसोटी पातळीची. ७८ आरपीएम तबकडीवरून उतरवलेलं गाणं आणि आजचं चित्रपटगीत शेजारी ठेवलं, की हात सतत आवाजाच्या बटणाकडे जातो. प्रत्येक गाण्याचं सर्वोच्च शिखर सारखं केल्यानं हे सुटत नाही, कारण कान शिखरं मोजत नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं, की वेगवेगळ्या कंपनसंख्येचे स्वर सारख्याच तीव्रतेला सारखे मोठे ऐकू येत नाहीत. हे भान ठेवून पातळी मोजणारी ‘रिप्लेगेन’ पद्धत डेव्हिड रॉबिन्सन यांनी २००१ मध्ये मांडली, आणि मिश्र सीडीसाठी ती किंवा तिच्यासारखीच मोजणी हवी. मात्र एकाच मैफलीचे तुकडे असतील तर त्यांना एकत्र मोजणारा पर्याय निवडावा, नाहीतर आलापाची मुद्दाम राखलेली मंद पातळी तबल्याच्या बरोबरीला आणली जाते.

या कसोट्यांवर पैसे मोजायची गरज फारशी उरत नाही. विंडोजवरच्या जुन्या मीडिया प्लेअरमध्ये फटीविना बर्न करण्याचा आणि पातळी जुळवण्याचा पर्याय सेटिंगमध्ये आहे. आयट्यून्समध्येही दोन्ही सोयी आहेत. लिनक्सवर के३बी आणि विंडोजवर सीडीबर्नरएक्सपी ही कामं नीट करतात. रचनेवर पूर्ण ताबा हवा असेल तर फूबार२००० नं पातळी मोजून इमबर्ननं क्यू फाइलवरून बर्न करणं मला सर्वांत पटतं, जरी सुरुवातीला ते किचकट वाटलं तरी. विकतच्या संचांत जास्तीचं जे मिळतं ते बहुतेक व्हिडिओ आणि बॅकअपसाठी असतं. प्लेअरवर गाण्यांची नावं दाखवणाऱ्या सीडी-टेक्स्टमध्ये देवनागरीची सोय नाही, म्हणून नावं रोमन लिपीत भरावी लागतील. क्यू फाइलचा आणखी एक फायदा आहे. सीडी-आरचं रंगद्रव्य उन्हानं आणि उष्णतेनं फिकटतं, आणि उन्हात उभ्या मोटारीत ते लवकर घडतं. मूळ ध्वनिफाइली आणि त्यांचा क्रम, अंतर, नावं सांगणारी ती चार ओळींची क्यू फाइल जपली असेल, तर तीच सीडी नव्या डिस्कवर काही मिनिटांत पुन्हा लिहिता येते.