गिटारीचा कान : जुन्या घाटाचे हमबकर कसे निवडावे

विजेचें कोणतेंही उपकरण घरांत आलें कीं त्याच्याबरोबर एक न बोलावलेला पाहुणाही येतो. तो म्हणजे विजेची गुणगुण. घरांतील वीजप्रवाह एकाच दिशेनें सरळ वाहत नसतो. भारतांत तो सेकंदास पन्नास वेळां आणि अमेरिकेंत साठ वेळां मागेंपुढें हेलकावतो. या हेलकाव्याचा परिणाम आसपासच्या तारांवर होतो, आणि अशी एखादी तार ध्वनिवर्धकाला जोडलेली असली म्हणजे तोच परिणाम गुणगुणीच्या रूपानें कानीं पडतो. ही गुणगुण हांकलून लावण्यासाठीं सुमारें सत्तर वर्षांपूर्वीं एका अमेरिकन कारागिरानें जी युक्ति योजिली, तिनें एका वाद्याला नवा कंठ मिळवून दिला. त्या युक्तीचें नांव हमबकर. हम म्हणजे गुणगुण, आणि तिला झुगारून देणारा तो हमबकर.

आज पुष्कळ शहरी घरांतील तरुणांच्या हातीं विजेची गिटार आहे. एखाद्या दिवशीं मुलगा किंवा मुलगी वडिलांपुढें जाहिरात ठेवते आणि म्हणते कीं, गिटारींतील पिकअप काढून तेथें जुन्या घाटाचे हमबकर बसवावयाचे आहेत. जाहिरातींत १९५७, १९५९ अशीं सालें असतात, चुंबकांचे क्रमांक असतात, रोधाचे आंकडे असतात. किंमत मात्र कधीं कधीं साध्या गिटारीच्या किमतीला भिडते. अशा वेळीं त्या आंकड्यांत खरें काय आणि नुसती भुरळ कोणती, हें घरांतील दोन्ही पिढ्यांस कळलेलें बरें.

विजेच्या गिटारीचें अंग बहुधा भरीव लांकडाचें असतें. सतारीच्या भोंपळ्याप्रमाणें आवाज घुमविणारी पोकळी तींत नसते. तारेचें कंपन ऐकण्याचें काम पिकअप करतो. तो त्या गिटारीचा कानच म्हणावयाचा. एका रिळावर केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे देऊन त्याच्या जवळ लोहचुंबक ठेवलेला असतो. वरची पोलादी तार थरथरली कीं चुंबकीय क्षेत्र डळमळतें, आणि त्यामुळें वेढ्यांत अगदीं सूक्ष्म वीज उत्पन्न होते. ध्वनिवर्धक तीच मोठी करून ऐकवितो.

एका वेटोळ्याचा पिकअप तारेबरोबर घरांतील विजेची गुणगुणही गोळा करतो. हमबकरांत शेजारीं शेजारीं दोन वेटोळीं असतात. तीं अशीं जोडलेलीं असतात कीं बाहेरून आलेली गुणगुण एकांत सुलटी व दुसऱ्यांत उलटी होऊन परस्परांस मारून टाकते. मग तारेचा स्वरही असाच मारला जाईल, अशी शंका येणें साहजिक आहे. पण दोन्ही वेटोळ्यांखालीं चुंबकाचीं टोंकें विरुद्ध असतात; एकाखालीं उत्तर, दुसऱ्याखालीं दक्षिण. त्यामुळें तारेचा स्वर एकदां चुंबकानें उलटतो व एकदां जोडणीनें उलटतो. दोनदां उलटलेलें सुलटेंच होतें. तेव्हां स्वराची बेरीज होते आणि गुणगुणीची वजाबाकी.

ही रचना गिटारीसाठीं सिद्ध करणारे सेथ लव्हर हे मिशिगन संस्थानांतील कॅलमाझू येथें गिब्सन कंपनींत काम करीत. त्यांनीं २२ जून १९५५ रोजीं पेटंटासाठीं अर्ज केला. पेटंट मिळालें २८ जुलै १९५९ रोजीं. मध्यंतरीं, म्हणजे १९५७ पासून, हे पिकअप गिब्सनच्या लेस पॉल गिटारींवर बसूं लागले होते, आणि त्यांच्या पाठीवर 'पेटंटासाठीं अर्ज केला आहे' अशा अर्थाची इंग्रजी चिठी चिकटविलेली असे. त्या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून या पिकअपांस पी. ए. एफ. हें नांव पडलें. पुढें १९६२ च्या सुमारास चिठीवर पेटंटाचा क्रमांक येऊं लागला, पण तोही या पिकअपाचा नव्हता. तारा अडकविण्याच्या दुसऱ्याच एका भागाचा होता! पिकअपावरील फिरत्या स्क्रूंची कथाही अशीच आहे. लव्हरच्या मूळ रचनेंत ते नव्हते. विक्रेत्यांना गिऱ्हाइकापुढें बोलावयास कांहीं तरी हवें होतें, म्हणून ते आले, असें ते स्वतः सांगत.

आश्चर्य असें कीं, ज्या गिटारींसाठीं आज लाखांच्या घरांत डॉलर मोजले जातात, त्यांना त्या काळीं पुरेसें गिऱ्हाईक मिळेना. १९६० नंतर लेस पॉलचा तो जुना घाट कंपनीनें बंदच केला. १९६६ सालीं जॉन मेयॉल यांच्या 'ब्लूज ब्रेकर्स' या ध्वनिमुद्रिकेंत एरिक क्लॅप्टन यांनीं असलीच एक जुनी गिटार मार्शल ध्वनिवर्धकाला जोडून मोठ्या आवाजांत वाजविली, तेव्हां वादकांचे कान टंवकारले. १९६८ मध्यें कंपनीला लेस पॉल पुन्हा सुरू करावी लागली. तेव्हांपासून त्या जुन्या पिकअपांचा शोध चालू आहे. त्यांची खरी जोडी आज हजारों डॉलरांना जाते, आणि अर्थातच खोट्या चिठ्याही बाजारांत फिरतात. म्हणून सामान्य वादकासाठीं उरतो तो मार्ग जुन्या घाटावर नव्यानें केलेल्या पिकअपांचा.

येथें पहिली मेख आहे. 'अगदीं जुन्यासारखा' असें म्हणतांना कोणत्या जुन्यासारखा, हा प्रश्न राहतोच. कारण ते जुने पिकअप आपसांतच सारखे नव्हते. प्रत्येक रिळावर साधारण पांच हजार वेढे द्यावयाचे, पण यंत्र कधीं थोडें अगोदर थांबे, कधीं थोडें उशिरां. त्यामुळें एकाच पिकअपाचीं दोन वेटोळींही पुष्कळदां असमान होत. चुंबक ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट व लोखंड यांच्या अल्निको नांवाच्या मिश्रधातूचा असे. पण या धातूचे क्रमांक दोन, तीन, चार, पांच यांपैकीं जो हाताशीं असेल तो बसविला जाई. १९६१ मध्यें चुंबकाची लांबीही कमी झाली. म्हणजे कांहीं पिकअप मधुर निघाले, तर कांहीं साधारणच. जाहिरातींतील १९५९ हा आंकडा म्हणूनच एका स्वराचें नांव नव्हे. तो एका मोठ्या कुटुंबाचें आडनांव आहे.

दुसरी मेख रोधाच्या आंकड्याची. जुन्या घाटाच्या हमबकराचा रोध साधारणपणें सात ते नऊ किलोओहम भरतो, आणि जास्त आंकडा म्हणजे जास्त जोर, अशी समजूत रूढ आहे. तार एकाच जाडीची असेल तर ती बऱ्याच अंशीं खरी. परंतु अधिक बारीक तार वापरली कीं वेढे न वाढवितांही रोध वाढतो. शिवाय तांब्याचा रोध उष्णतेनें वाढतो, अंशास सुमारें शेंकडा ०·४ या मानानें. वीस अंशांवर आठ किलोओहम मोजलेला पिकअप मुंबईच्या मे महिन्यांत बत्तीस अंशांवर जवळजवळ ८·४ दाखवील. पिकअप तोच, स्वर तोच. बदलली ती हवा. तेव्हां दोन निरनिराळ्या कारागिरांचे आंकडे शेजारीं मांडून ०·२ किंवा ०·३ च्या फरकावर पैसे खर्च करणें व्यर्थ होय.

स्वराचा रंग ठरतो तो मुख्यतः वेढ्यांची संख्या, चुंबक आणि पुढील जोडणी यांच्या मेळानें. वेढे वाढले कीं आवाज जाड व जोरदार होतो, पण बारीक, तीक्ष्ण स्वर दबतात. कमी वेढ्यांचा पिकअप आवाजानें लहान असतो, पण त्याचे शब्द स्पष्ट असतात. चुंबकांत पांच क्रमांकाचा अधिक जोरकस. त्याचा खर्ज घट्ट व वरचा स्वर लखलखीत. दोन व तीन क्रमांकांचे सौम्य. त्यांचा प्रहार मऊ लागतो. गिटार मुळांतच कर्कश असेल तर सौम्य चुंबक, आणि मंद, गढूळ असेल तर कमी वेढे व पांच क्रमांक, हा आरंभासाठीं चांगला नियम आहे. वेटोळीं किंचित् असमान असलीं कीं वरच्या स्वरांस थोडी धार येते. मात्र गुणगुणीची वजाबाकीही तितकीच अपुरी राहते.

जुने पिकअप मेणांत बुडविलेले नसत आणि त्यांवर जर्मन सिल्व्हरचें झांकण असे. मेण नसल्यानें आवाजांत एक मोकळेपणा येतो, असें पुष्कळ वादक मानतात. पण मोठ्या आवाजांत सैल वेढे व झांकण स्वतःच थरथरूं लागतात आणि पिकअप किंचाळतो. घरांत किंवा लहान सभागृहांत वाजविणाऱ्यानें बिनमेणाचा घ्यावा. फुटक्या, गडगडाटी आवाजांत वाजविणाऱ्यानें मेणांत बुडविलेलाच घ्यावा.

आतां बसविण्याविषयीं. घोडीजवळ तारेचें कंपन लहान असतें, म्हणून तेथला पिकअप थोड्या अधिक वेढ्यांचा असणें सोयीचें. पिकअप अशा जुळविलेल्या जोडीनेंच घ्यावे. गिटारीच्या घोडीवरील तारांचें अंतर अगोदर मोजावें, कारण सर्व गिटारींत तें एक नसतें आणि पिकअपाचे स्क्रू तारांखालीं आले पाहिजेत. जुन्या पद्धतीची जाळीदार वायर घ्यावयाची कीं चार तारांची, हेंही आधीं ठरवावें. दोहोंपैकीं एकच पिकअप बदलतांना नवा व जुना यांची दिशा विरुद्ध निघाली, तर दोन्ही एकत्र वाजवितांच आवाज पोकळ व नाकांतला होतो. चार तारांच्या पिकअपांत दोन तारांची अदलाबदल केली कीं काम भागतें. जाळीदार वायरीच्या पिकअपांत चुंबकच उलटा करावा लागतो. पीटर ग्रीन यांच्या प्रसिद्ध गिटारींत दांडीजवळच्या पिकअपाचा चुंबक असाच उलटा बसला होता, आणि तो पोकळ स्वरच त्यांची ओळख होऊन बसला. पण असला योग विकत घेतां येत नाहीं.

पिकअपाबाहेरच्या वस्तूंचाही वाटा मोठा आहे. आवाजाची कळ ५०० किलोओहमची असावी. ३०० ची असेल तर उत्तम पिकअपही झांकोळतो. गिटारीपासून ध्वनिवर्धकापर्यंतची वायर जितकी लांब, तितके वरचे स्वर अधिक गळतात. पुष्कळदां कळ किंवा वायर बदलल्यानेंच घरची तक्रार थोड्या खर्चांत मिटते.

आणि सर्वांआधीं करावयाची गोष्ट तर फुकट आहे. शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरावी आणि दांडीजवळचा पिकअप तारेपासून सुमारें अडीच मिलिमीटर, घोडीजवळचा सुमारें दीड मिलिमीटर अंतरावर आणावा. मग कडेचे स्क्रू पाव पाव फेरा फिरवून कानानें जुळवावें. पिकअप फार जवळ असला तर चुंबक तारेला ओढतो व स्वर लवकर मरतो. फार दूर असला तर आवाज निर्जीव होतो. तंबोऱ्याची जवारी लावणारा दोऱ्याचा धागा तसूभर सरकवून जसा थांबतो व ऐकतो, तसेंच हें काम आहे. आठ दिवस एवढें करूनही कांहीं उणें वाटलें, तर तें उणें नेमक्या शब्दांत कागदावर लिहावें : खर्ज गढूळ आहे, वरचा स्वर टोंचतो, कीं आवाज पुरत नाहीं? या प्रश्नाचें उत्तर हातीं असलें म्हणजे विक्रेत्याच्या सालांना व आंकड्यांना गिऱ्हाईक भुलत नाहीं.

काढलेले जुने पिकअप मात्र टाकून देऊं नयेत. डाख सोडवितांना कोणती तार कोठें होती याची आकृति काढावी, आणि ते कागदांत गुंडाळून त्या आकृतीसह ठेवावे. कान पिकतो तशी आवड बदलते. सेथ लव्हर यांनींही उतारवयांत, १९९४ सालीं, सेमूर डंकन यांच्याबरोबर आपल्या जुन्या रचनेवर पुन्हा हात ठेवला. ज्यानें ती वस्तु प्रथम घडविली, त्यालाही ती एकदां पुन्हा ऐकून पाहावीशी वाटली. घरांतील तरुण वादकानें निवड करण्यापूर्वीं आपली स्वतःची गिटार तितक्याच लक्षपूर्वक ऐकली, तर वडिलांचे पैसेही वाचतील आणि मुलाचा कानही तयार होईल.